ट्रीटमेंट थांबवावीशी वाटतेय? आधी एवढं वाचा

आमच्या सिस्टर ठाण्यात नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत घरी येऊन आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीची) इंजेक्शनं देतात. बऱ्याचदा असं होतं की एक सायकल, म्हणजे इंजेक्शनांपासून रिपोर्टपर्यंतचा एक पूर्ण प्रयत्न, फेल गेली की त्या घरातून परत फोनच येत नाही, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नसतं, चान्स असतो, तरी जोडपं थांबतं. असं का होतं ते आधीच कळलेलं बरं, म्हणून हा कागद.

पैसा हे कारण सगळेच सांगतात आणि ते खरंय, एका सायकलला लाखाच्या वर सहज जातात, बहुतेक मेडिक्लेम यातलं काही देत नाहीत आणि फ्लॅटचा हप्ता चालूच असतो. पण जिथे हा खर्च सरकार किंवा इन्शुरन्स करतं त्या देशांतही खूप जोडपी मध्येच सोडतात, आणि तिथल्या अभ्यासांत मनाचा थकवा हे एक मोठं कारण निघालंय.

आम्हाला तो थकवा रोज दिसतो. दहा-बारा दिवस ठरल्या वेळी पोटात सुई, मधेमधे सोनोग्राफी, ऑफिसात काय सांगून निघायचं ते टेन्शन, त्यात घोडबंदरचं ट्रॅफिक. मग अंडी काढायची, लॅबमध्ये तयार झालेला गर्भ (एम्ब्रियो) गर्भाशयात ठेवायचा आणि बीटा एचसीजीचा, म्हणजे दिवस गेलेत का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत साधारण दोन आठवडे नुसती वाट बघायची, हेच सगळ्यात जड जातं असं बायका सिस्टरना सांगतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि त्याच आठवड्यात जावेचं डोहाळजेवण असलं तर जायचं की नाही यावरून घरात वाद. मग "बघू दोन महिन्यांनी" म्हणतात आणि त्याचं वर्ष होतं. पस्तिशीनंतर अंड्यांची संख्या आणि क्वालिटी दोन्ही भराभर घसरतात, त्यामुळे असं न ठरवता लांबत गेलेलं जास्त नुकसान करतं.

आणि दादा, हे तुमच्यासाठी. जवळपास निम्म्या केसेसमध्ये पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, तरी सुया, रजा आणि नातेवाईकांचे टोमणे हे सगळं वहिनींच्याच वाट्याला येतं. सिस्टर आल्या की टीव्ही बंद करून शेजारी येऊन बसा, खरंच फरक पडतो.

थांबायचं ठरवलंत तर त्यात काही चूक नाही. कोणी कारा या सरकारी दत्तक संस्थेच्या पोर्टलवर दत्तकासाठी नाव नोंदवतं, कोणी दोघंच छान राहायचं ठरवतं. फक्त गायब होऊ नका, डॉक्टरांना एकदा दोघांनी भेटा आणि सरळ विचारा की सायकल का फेल गेली असेल, पुढच्या वेळी काय बदलणार, आमच्या वयाला खरा चान्स किती. एम्ब्रियो फ्रीझ केलेले असतील तर त्यांचं काय करायचं तेही तेव्हाच बोलून घ्या, आयव्हीएफसारख्या ट्रीटमेंटसाठीच्या 2021 च्या कायद्याप्रमाणे ते जास्तीत जास्त 10 वर्षं ठेवता येतात.

चालू सायकलमध्ये मात्र इंजेक्शन किंवा गर्भ टिकावा म्हणून दिलेलं प्रोजेस्टेरॉन स्वतःहून बंद करू नका. पोट खूप फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका.

उरलेली इंजेक्शनं ओळखीतल्या कुणाला देऊ नका, प्रत्येकीचा डोस वेगळा असतो. आणि आमच्याकडे व्हिजिटचे पैसे आगाऊ भरले असतील तर न झालेल्या व्हिजिटचे परत मिळतील, एक मेसेज टाका, कारण कोणी विचारणार नाही.