डायरेक्टरकडून वसुली की डायरेक्टरवर खटला? जीएसटीचं कलम ८९ आणि कलम १३७

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्रीवर कर बुडवल्याचा ठपका आला की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘आता डायरेक्टरचं काय?’ उत्तरं देणारे बहुतेक जण दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतात. कंपनीचा थकलेला कर डायरेक्टरच्या खिशातून काढणं ही एक. कंपनीच्या गुन्ह्यात माणसाला आरोपी करणं ही दुसरी. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ मध्ये पहिलीला कलम ८९ आहे, दुसरीला १३७. हातात आलेल्या कागदावर रकमेच्या आधी कलमाचा आकडा बघावा, तो त्यासाठीच.

कंपनीकडून कर, व्याज किंवा दंड वसूल होत नसेल तर ८९ लागतं, तेही फक्त प्रायव्हेट कंपनीला. ज्या काळातला कर, त्या काळात डायरेक्टर असलेले सगळे जबाबदार, आणि पूर्ण रक्कम एकाकडूनही मागता येते. आपल्याकडे किमान दोन डायरेक्टर लागतात म्हणून वहिनींचं नाव घालतात. वहिनींनी भट्टी पाहिलेलीही नसते, पण ८९ ते विचारत नाही. वसुली थकण्यामागे आपला घोर निष्काळजीपणा, गैरकारभार किंवा कर्तव्यभंग नाही, हे त्यांनीच सिद्ध करायचं. न वाचता ताळेबंदावर केलेली सही इथे अंगाशी येते. राजीनाम्याने मागचा काळ पुसला जात नाही. पुढचा तुटतो, म्हणून राजीनाम्याची पोच आणि डीआयआर-१२ ची (डायरेक्टर बदलल्याचं कंपनी निबंधकांना कळवणाऱ्या फॉर्मची) प्रत जपून ठेवावी.

१३७ मध्ये नुसतं डायरेक्टर असणं पुरत नाही. गुन्हा घडला तेव्हा धंदा कोणाच्या हाती होता आणि त्यासाठी कंपनीला जबाबदार कोण होतं, हे खात्याला दाखवावं लागतं. जवळपास अशाच शब्दांच्या चेक बाउन्सच्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एस.एम.एस. फार्मास्युटिकल्स खटल्यात हेच सांगितलं. त्यामुळे वहिनी इथे सुटू शकतात, आणि डायरेक्टर नसलेला परचेस मॅनेजर संमती, संगनमत किंवा हयगयीमुळे अडकू शकतो. आपल्याला माहीत नव्हतं किंवा पुरेशी खबरदारी घेतली होती, हा बचाव इथे आहे. पण तो मेल, वजनकाट्याच्या पावत्या, गेट रजिस्टर यांनी उभा राहतो, तोंडी नाही.

भंगाराचं उदाहरण घ्या. २० टनांचा ट्रक, ३५,००० रुपये टन धरला तर माल ७ लाखांचा, १८ टक्क्यांनी कर १,२६,०००. माल न येता नुसती बिलं आली, तर अशा ८० ट्रकांवर कर १ कोटी ओलांडतो आणि बिल देणारा कलम १३२ (गुन्हे आणि शिक्षा सांगणारं कलम) खाली वर्षभरापर्यंतच्या कैदेला पात्र ठरतो. त्या बिलांवर क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेणाऱ्याची फौजदारी हद्द २ कोटी, म्हणजे साधारण १६० ट्रक. तिथून पुढे ३ वर्षांपर्यंत. ४०० ट्रकांच्या आसपास ५ कोटी पार झाले की कैद ५ वर्षांपर्यंत, आणि गुन्हा अजामीनपात्र. कोल्हापूरचं बिल दुसऱ्या राज्यातलं, म्हणजे आयजीएसटीचं, म्हणून सुटका नाही, ही कलमं तिथेही लागू आहेत.

भागीदारी पेढीला ८९ लागत नाही, कलम ९० लागतं, आणि ते जास्त कडक आहे. भागीदार निवृत्त झाला तर एका महिन्याच्या आत आयुक्तांना लेखी कळवावं लागतं. नाही कळवलं, तर आयुक्तांना ती सूचना मिळेपर्यंत जबाबदारी चालूच. भावाभावांच्या वाटणीत हे हमखास राहून जातं. १३७ मात्र पेढीच्या भागीदारांनाही धरतं.

पैसे भरले की मिटलं, हा समज ८९ पुरता खरा. १३७ मधला खटला भरण्याने आपोआप पडत नाही. तडजोडीसाठी (कंपाउंडिंग, म्हणजे रक्कम भरून खटला मिटवण्यासाठी) कर, व्याज, दंड भरून वर कराच्या २५ ते १०० टक्के रक्कम द्यावी लागते. आणि मालाशिवाय बिल दिल्याचा आरोप असेल, तर २०२३ च्या दुरुस्तीनंतर तडजोडीचं दारच बंद आहे.