साकुराच्या आधीचा जपान : फेब्रुवारी-मार्चमधल्या सणांची आणि सहलींची माहिती

जपानची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "साकुरा कधी बघायला मिळेल?" याचं उत्तर आम्हाला दरवेळी हात राखूनच द्यावं लागतं. टोकियो आणि क्योटोत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, साधारण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फुलायला लागतो, पण नेमका दिवस त्या वर्षीची थंडी ठरवते. टोकियोत यासुकुनी देवळाच्या आवारात एक ठरावीक झाड आहे. हवामान खात्याची माणसं त्याच्याकडे डोळे लावून असतात आणि त्यावर पाच-सहा फुलं उमलली की शहरात साकुरा फुलल्याचं जाहीर होतं. तुमचं विमानाचं तिकीट मात्र त्याच्या कितीतरी महिने आधी काढलेलं असतं. बहर पुरता यायला आठवडाभर लागतो आणि त्यानंतर एक जोराचा पाऊस आला, तर फांद्या रिकाम्या होतात.

म्हणून आम्ही आग्रहाने दुसरा काळ सुचवतो : फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चचा मध्य. या सहा आठवड्यांत जपानी माणूस वसंताचं स्वागत ज्या ज्या रीतीने करतो, त्यातल्या बहुतेक गोष्टींच्या तारखा कॅलेंडरवर पक्क्या असतात. सहल त्या तारखांभोवती बेतता येते. शिवाय हॉटेलं साकुराच्या दिवसांपेक्षा बरीच स्वस्त पडतात आणि क्योटोच्या बसमध्ये उभं राहायला तरी जागा मिळते. घरात दहावी-बारावीचं वर्ष असेल तर हा काळ तुमचा नाही, हे आम्हाला कळतं. पण निवृत्त जोडपी, मुलं शिकून मार्गी लागलेले आईवडील, मैत्रिणींचा ग्रुप यांच्यासाठी याहून चांगले दिवस नाहीत.

सेत्सुबुन : ३ फेब्रुवारी

जपानच्या जुन्या पंचांगात वसंत ४ फेब्रुवारीच्या सुमारास लागतो. त्याच्या आदल्या दिवशी घरातली इडापिडा बाहेर घालवायची, तो दिवस सेत्सुबुन. तारीख जवळजवळ नेहमी ३ फेब्रुवारी असते. २०२१ आणि २०२५ साली ती २ तारखेला आली होती. घरातलं कोणीतरी, बहुतेकदा वडील, राक्षसाचा मुखवटा घालतात आणि मुलं त्यांच्यावर भाजलेल्या सोयाबीनचा मारा करत ओरडतात, "ओनि वा सोतो, फुकु वा उची!" राक्षस बाहेर, भाग्य घरात. मग प्रत्येकाने आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. हे दाणे कोरडे, खरपूस आणि पूर्ण शाकाहारी असतात. सुपरमार्केटात त्यांची पाकिटं कागदी मुखवट्यासकट मिळतात. ते कडक असल्यामुळे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मात्र देऊ नका, घशात अडकण्याची भीती असते.

पाहुण्याला हा सण बघायचा तर देवळात जावं. टोकियोत आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात व्यासपीठावरून दाणे उधळले जातात. तिथे 'राक्षस बाहेर' ही अर्धी ओळ कोणी म्हणत नाही, कारण कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, दारात राक्षस असेलच कसा, अशी त्यांची श्रद्धा. त्याच दिवशी तिथे सात भाग्यदेवतांचं नृत्य होतं. नीट बघा : वीणेसारखं वाद्य घेतलेली बेन्झाइतेन ही आपली सरस्वती आहे, चिलखत घातलेला बिशामोन म्हणजे कुबेर आणि पोतं खांद्यावर टाकलेला हसरा दाइकोकु हा मुळात महाकाल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ते जपानात पोहोचले आणि तिथलेच होऊन गेले.

नाराला मुक्काम असेल तर त्या संध्याकाळी कासुगा ताइशा देवळात जा. आवारातले दगडी आणि छताला टांगलेले पितळी-कांस्य असे मिळून सुमारे ३,००० दिवे त्या रात्री पेटवतात. विजेचा प्रकाश जवळपास नसतोच.

ओसाकाकडे या दिवशी एहोमाकी नावाची जाडजूड, न कापलेली सुशी त्या वर्षीच्या शुभ दिशेला तोंड करून, एक शब्दही न बोलता संपवायची पद्धत आहे. आत बहुधा मासे आणि अंडं असतं. शाकाहारी मंडळींनी काकडीची सुशी घेऊन दिशा साधावी.

उमे : बर्फातही फुलणारं झाड

उमेला सोयीसाठी प्लम म्हणतात, पण ते आपल्या बाजारातल्या प्लमपेक्षा जर्दाळूच्या अधिक जवळचं. पानांच्या आधी, काळ्या खरबरीत फांदीवर पांढरी, गुलाबी किंवा गडद लाल फुलं थेट चिकटल्यासारखी येतात. साकुराला वास जवळजवळ नसतो. उमेचा वास मात्र झाड दिसण्याच्या आधीच येतो. आणि प्रवाशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की लवकर, मधल्या काळात आणि उशिरा फुलणारे वेगवेगळे वाण एकाच बागेत लावलेले असतात, त्यामुळे बहर महिनाभर तरी पुरतो. चार दिवस उशीर झाला म्हणून काही चुकत नाही.

टोकियोहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी बाग म्हणजे मितो शहरातलं काइराकुएन. तोकुगावा नारिआकी या मितोच्या सरदाराने १८४२ साली ही बाग उभारली, तीही स्वतःपुरती न ठेवता प्रजेलाही येता यावं म्हणून. सुमारे १०० जातींची ३,००० झाडं आहेत. उएनो स्टेशनहून जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि महोत्सवाच्या दिवसांत बागेच्या अगदी लगत असलेलं एक तात्पुरतं स्टेशनही उघडतात. आम्ही सकाळी लवकर निघायला सांगतो, कारण दहानंतर शाळांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सहली येतात. उमेबागेच्या मागे बांबूचं वन आहे, तेही बघा.

क्योटोतलं कितानो तेनमानगू हे देऊळ उमेशी एका माणसामुळे जोडलं गेलं आहे. सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान आणि मंत्री. दरबारातल्या कारस्थानामुळे ९०१ साली त्याला क्युशू बेटावरच्या दाझाइफुला पाठवलं आणि ९०३ साली तिथेच तो वारला. निघताना त्याने अंगणातल्या लाडक्या उमेचा निरोप घेतला आणि ते झाड त्याच्या ओढीने एका रात्रीत उडत दाझाइफुला पोहोचलं, अशी कथा आहे. पुढे तो विद्येचा देव झाला. फेब्रुवारीत त्याच्या देवळांत लाकडी पाट्यांचे गठ्ठे टांगलेले दिसतात. प्रत्येक पाटीवर कुठल्या तरी विद्यार्थ्याने हव्या असलेल्या कॉलेजचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं असतं. मिचिझानेच्या स्मृतिदिनी, २५ फेब्रुवारीला, कितानो तेनमानगूमध्ये उमेचा उत्सव असतो, आणि नेमक्या त्याच तारखेला जपानच्या सरकारी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा सुरू होतात. उत्सवात शेजारच्या कामिशिचिकेन वस्तीतल्या गेइको आणि माइको, म्हणजे क्योटोतल्या गेइशा आणि शिकाऊ गेइशा, फुलांखाली पाहुण्यांना हिरवा चहा देतात. त्याचं वेगळं तिकीट लागतं आणि ते लवकर संपतं, म्हणून आम्हाला आधी सांगा. दर महिन्याच्या २५ तारखेचा जुना बाजारही तेव्हाच भरलेला असतो. जुने किमोनो आणि चिनीमातीच्या वाट्या घ्यायला याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

इझुचा एक दिवस : लवकर फुलणारा साकुरा आणि टांगत्या बाहुल्या

"पण थोडा तरी साकुरा दाखवाच," असं म्हणणाऱ्यांसाठी इझू द्वीपकल्पातलं कावाझू गाव आहे. १९५५ साली तिथल्या एका रहिवाशाला नदीकाठच्या झुडपांत एक रोप सापडलं. त्याने ते घराच्या अंगणात लावलं. फुलं आली ती नेहमीच्या साकुराच्या जवळजवळ दोन महिने आधी, आणि रंगही जास्त गडद गुलाबी. १९७४ साली त्याचं नाव कावाझू-झाकुरा असं ठरलं. आज नदीच्या काठाने सुमारे ८५० झाडं आहेत आणि त्यांच्या पायाशी मोहरीच्या कुळातली पिवळीधमक फुलं. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत केव्हाही गेलात तर बहुधा फुलं मिळतात. टोकियोहून थेट गाडी आहे, समुद्राच्या कडेने जाते. जाताना डाव्या हाताची खिडकी मागा.

परतीच्या वाटेवर दोन स्टेशनं अलीकडे इनातोरीला उतरा. ३ मार्चला मुलींचा सण, हिनामात्सुरी. श्रीमंत घरांत लाल कापड घातलेल्या पायऱ्यांवर राजा-राणी, तीन दासी, पाच वादक असा बाहुल्यांचा सगळा दरबार मांडतात. इनातोरीच्या कोळी आणि शेतकरी घरांना तो परवडत नसे. मग आज्या आणि आया किमोनोच्या चिंध्यांतून बोटाएवढी खेळणी शिवत आणि दोऱ्यात ओवून टांगत. जवळ जाऊन बघा : पीच हे फळ अरिष्ट दूर ठेवण्यासाठी, माकड संकट पळवण्यासाठी, औषधाची तिकोनी पिशवी निरोगी आयुष्यासाठी. टाके इतके बारीक की कापूस कुठून भरला ते कळत नाही. हे प्रदर्शन २० जानेवारी ते ३१ मार्च असतं. मिठाईच्या दुकानांत या दिवसांत गुलाबी, पांढऱ्या आणि हिरव्या थरांची शंकरपाळ्याच्या आकाराची हिशिमोची आणि रंगीत हिना-आरारे मिळतात. बाहुल्या सणानंतर लगेच आवरल्या नाहीत तर मुलीचं लग्न लांबतं, असं जपानी आज्या अजून सांगतात.

नाराचा अग्नी : १ ते १४ मार्च

आमच्याकडून या काळात जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही नाराची एक संध्याकाळ ठेवायला सांगतो. तोदाइजी मंदिराच्या निगात्सुदो या टेकडीवरच्या मंडपात अकरा भिक्षू दोन आठवडे सगळ्यांच्या वतीने कान्नोनची क्षमा मागतात. या व्रताला शुनि-ए म्हणतात, लोकांच्या तोंडी ओमिझुतोरी. हे ७५२ साली सुरू झालं. १६६७ साली याच विधीच्या दिवसांत मंडप जळाला, १६६९ साली पुन्हा बांधला. व्रत एका वर्षीही चुकलेलं नाही. त्याच ७५२ साली तोदाइजीच्या भव्य बुद्धमूर्तीच्या डोळ्यांत प्राण घालण्याचा विधी झाला, आणि तो भारतातून गेलेल्या बोधिसेन या भिक्षूच्या हातून. निगात्सुदोतली मूर्ती अकरा मुखांच्या अवलोकितेश्वराची आहे, पण ती कोणालाच दाखवत नाहीत. अकरा मुखांचा अवलोकितेश्वर डोळ्यांनी बघायचा असेल तर निघण्याआधी मुंबईत कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात जाऊन या. तिथे तो दगडात कोरलेला आहे.

संध्याकाळी सातच्या सुमारास उतारावरचे दिवे मालवतात आणि एवढा जमाव गप्प होतो. एक सेवक सुमारे सहा मीटर लांबीच्या बांबूच्या टोकाला पेटलेली मशाल घेऊन झाकलेल्या जिन्याने वर चढतो, त्याच्यामागून एक भिक्षू. तो आत गेला, की मशाल सज्जाच्या डाव्या कोपऱ्यात कठड्याबाहेर काढून गोल फिरवली जाते, ठिणग्यांचा सडा खाली पडतो. मग तीच मशाल घेऊन सेवक लाकडी सज्जातून उजव्या टोकापर्यंत धावत सुटतो. धावणाऱ्या पायांचा आवाज खालपर्यंत येतो, जळक्या देवदाराचा वास येतो. तोवर दुसरी मशाल जिन्यावर असते. अशा दहा. अंगावर ठिणगी पडणं शुभ मानतात, म्हणून लोक पुढे सरकतात. नायलॉनचं जाकीट घातलं असेल तर तुम्ही मागे राहा. विझलेल्या काड्या वेचून लोक घरी नेतात.

१२ मार्चला मशाली सर्वांत मोठ्या असतात आणि गर्दी इतकी, की अनेकांना चालत चालतच बघावं लागतं. आमचा सल्ला : त्याऐवजी पहिल्या आठवड्यातला, शनिवार-रविवार सोडून कुठलाही दिवस घ्या आणि साडेपाचपर्यंत जागा धरा. १३ तारखेच्या पहाटे मंडपाखालच्या विहिरीतून कान्नोनसाठी पाणी काढतात. ते पाणी उत्तरेकडच्या वाकासा प्रांतातून जमिनीखालून येतं, अशी समजूत आहे, आणि २ मार्चला तिथे ते नदीत सोडण्याचा विधीही होतो. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपण म्हणतो, तसं क्योटो-नाराकडचे लोक ओमिझुतोरी झाल्याशिवाय गरम कपडे आत ठेवत नाहीत.

थंडी, खाणं आणि इतर

थंडी असते, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. फेब्रुवारीत टोकियोत दुपारी १० अंशांच्या आसपास, पहाटे एक-दोन अंश. नारात मार्चमध्येही रात्री तीन-चार अंशांपर्यंत उतरतं. एकच जाड कोट नेण्यापेक्षा आतून थर्मल आणि वर दोन-तीन थर घाला. देवळांत बूट काढावे लागतात आणि लाकडी जमीन बर्फासारखी असते, त्यामुळे लोकरीचे मोजे हवेतच. कोपऱ्यावरच्या दुकानात काइरो नावाच्या छोट्या पुड्या मिळतात; पाकीट फोडून खिशात ठेवली की कित्येक तास ऊब राहते. फेब्रुवारीच्या मध्यापासून देवदाराचे पराग हवेत असतात. ज्यांना सर्दी-दम्याचा त्रास आहे त्यांनी मास्क आणि आपली नेहमीची औषधं जवळ ठेवावीत.

शाकाहारींसाठी : दिसायला निव्वळ भाजीचं असलेलं सूपही बहुधा माशाच्या अर्कात, दाशीत, केलेलं असतं. आम्ही तुम्हाला काय चालत नाही ते जपानीत छापलेलं कार्ड देतो. ते जेवण मागवण्याआधी दाखवायचं. बौद्ध मंदिरांमधलं शोजिन जेवण संपूर्ण शाकाहारी असतं आणि क्योटोत आम्ही ते एकदा तरी ठेवतोच. तांदळाच्या आणि लाल चवळीसारख्या दाण्याच्या गोड पुरणाच्या मिठाया बिनधास्त खा. घरून कोरडा खाऊ न्या, पण ताजी फळं, भाज्या आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर अडवले जातात.

सहल ठरवायची असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या. पासपोर्ट बरोबर आणा, आणि आधी आपापसात एवढं ठरवून या : सेत्सुबुन, २५ फेब्रुवारीचं क्योटो की नाराच्या मशाली. तिन्ही एका सहलीत बसत नाहीत. कावाझू आणि इनातोरी मात्र शेवटच्या दोन्हींना जोडून देता येतात.