दुसऱ्या नावाचं वजन किती?

६ ऑगस्ट २०२४ रोजी कमला हॅरिस यांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांना उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार म्हणून निवडलं. त्याआधी अमेरिकेत चर्चा होती ती मात्र दुसऱ्याच राज्याची. पेनसिल्व्हेनियात १९ इलेक्टोरल मतं (अध्यक्ष ठरवणारी, राज्यागणिक वाटून दिलेली मतं; राज्य जिंकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी ती सगळी मिळतात), लढत काट्याची, आणि तिथले लोकप्रिय गव्हर्नर जॉश शपिरो अंतिम यादीत. नोव्हेंबरमध्ये हॅरिस पेनसिल्व्हेनिया हरल्या आणि ‘शपिरोंना घ्यायला हवं होतं’ अशी हळहळ सुरू झाली. पण साधी बेरीज करून पाहा. हॅरिस यांना एकूण २२६ इलेक्टोरल मतं मिळाली. त्यात १९ मिळवली तरी होतात २४५. जिंकायला लागतात २७०.

उपाध्यक्षपदाचा उमेदवार आपलं राज्य सोबत घेऊन येतो, ही समजूत फार जुनी आणि चिवट आहे. तिच्या बाजूने हमखास दिला जाणारा दाखला १९६० चा. मॅसॅच्युसेट्सच्या तरुण, कॅथलिक जॉन केनेडींनी टेक्सासच्या मुरलेल्या लिंडन जॉन्सनना सोबत घेतलं आणि टेक्सास सुमारे ४६ हजार मतांनी जिंकलं. इथेही बेरीज पाहण्यासारखी आहे. केनेडींना ३०३ इलेक्टोरल मतं मिळाली होती. टेक्सासची २४ वजा केली तरी २७९ उरतात, आणि त्या वर्षी बहुमताला २६९ पुरेशी होती. जॉन्सनमुळे दक्षिणेतली इतर राज्यंही हाताशी राहिली असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते चूकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण ‘टेक्सासने केनेडींना अध्यक्ष केलं’ हे वाक्य आकड्यांत बसत नाही.

मग जोडीदाराचा परिणाम मोजायचा कसा? खरी अडचण इथे आहे. शेतकऱ्याला नवं खत पारखायचं असेल, तर तो एका वाफ्यात खत घालतो, शेजारचा तसाच ठेवतो आणि सुगीला दोन्हींचं पीक मोजतो. निवडणुकीत दुसरा वाफा नसतो. जॉन्सन नसलेलं १९६० चं टेक्सास कुणीही पाहिलेलं नाही.

बोरिस हिअर्सिंक आणि ब्रेंटन पीटरसन या राज्यशास्त्रज्ञांनी हा दुसरा वाफा गणिताने तयार केला. समजा, टेक्सासचं मतदान अनेक निवडणुकांमध्ये इतर काही राज्यांच्या ठरावीक मिश्रणासारखं झालं आहे. मग जॉन्सन उभे असलेल्या वर्षी तेच मिश्रण कसं वागलं ते पाहायचं. मिश्रणातून निघालेला आकडा आणि खऱ्या टेक्सासचा आकडा यांतला फरक म्हणजे जॉन्सन यांचा अंदाजे परिणाम. १८८४ ते २०१२ पर्यंतच्या उमेदवारांना ही पद्धत लावल्यावर त्यांना सरासरी पावणेतीन टक्क्यांच्या आसपास फायदा दिसला.

ख्रिस्तोफर डिव्हाइन आणि काइल कॉपको या दोघांनी अनेक वर्षं हाच प्रश्न वेगळ्या वाटांनी तपासला आणि त्यांचं उत्तर जवळजवळ उलट आलं: सर्वसाधारणपणे फायदा शून्याच्या आसपास. अपवाद छोट्या राज्यांचा, तोही उमेदवार तिथे वर्षानुवर्षं निवडून येत असेल तर. १९६८ मध्ये मेनचे एडमंड मस्की आणि २००८ मध्ये डेलावेअरचे जो बायडन ही त्यांची उदाहरणं. मात्र डेलावेअरकडे इलेक्टोरल मतं अवघी तीन. जिथे जोडीदाराचा प्रभाव पडतो, तिथे जिंकण्यासारखं फारसं काही नसतं.

मोठ्या राज्यांतले अनुभव तर रोकडे आहेत. २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स असूनही डेमोक्रॅट्स नॉर्थ कॅरोलायना सुमारे १२ टक्क्यांनी हरले. २०१२ मध्ये पॉल रायन असूनही रिपब्लिकन विस्कॉन्सिन सुमारे ७ टक्क्यांनी हरले.

तरीही २००० सालाकडे डोळेझाक करता येत नाही. डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांच्या विचाराधीन नावांत फ्लोरिडाचे सिनेटर बॉब ग्रॅहम होते. गोर यांनी कनेक्टिकटचे जो लीबरमन निवडले आणि फ्लोरिडा ५३७ मतांनी गमावलं, त्याबरोबर अध्यक्षपदही. साठ लाखांच्या आसपास मतदान झालेल्या राज्यात ५३७! इतका बारीक फरक भरून काढायला पावणेतीन टक्के कशाला, त्याचा शंभरावा हिस्साही पुरला असता. ग्रॅहम असते तर गोर अध्यक्ष झाले असते, हा तर्क मला पटतो. पण निवड करायची होती ऑगस्टमध्ये. लढत अटीतटीची होईल, ती नेमक्या याच राज्यावर अडेल आणि तिथला फरक इतका कमी असेल, या तिन्ही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. प्रत्येकीची शक्यता थोडी, आणि त्यांचा गुणाकार आणखी थोडा.

डिव्हाइन आणि कॉपको यांच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग राज्यांबद्दलचा नाहीच. मतदार उपाध्यक्षाला मत देत नाहीत, पण त्या निवडीवरून वरच्या उमेदवाराची पारख करतात. ‘याने किंवा हिने हा माणूस निवडला’ हा अध्यक्षपदाच्या उमेदवाराचा पहिला मोठा, सगळ्यांसमोर घेतलेला निर्णय असतो.

१९७२ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी पक्षाच्या अधिवेशनाच्या धावपळीत मिसुरीचे सिनेटर थॉमस ईगलटन यांचं नाव पक्कं केलं. नीट चौकशी झालीच नाही. थोड्याच दिवसांत बाहेर आलं की नैराश्यासाठी ईगलटन रुग्णालयात राहिले होते आणि त्यांना विजेचे झटके देण्याचे उपचार झाले होते. मॅकगव्हर्न यांनी आधी ‘हजार टक्के’ पाठिंबा जाहीर केला आणि मग त्यांना बाजूला केलं. अठरा दिवसांत उमेदवारी संपली. आजाराबद्दल त्या माणसाला जी शिक्षा मिळाली ती अन्यायाचीच होती. पण मतदारांच्या मनात राहिलं ते मॅकगव्हर्न यांचं डळमळणं. त्यांनी ४९ राज्यं गमावली. ती ईगलटनमुळे गमावली असं कुणी म्हणणार नाही, मात्र मॅकगव्हर्न यांच्या निर्णयशक्तीवरचा विश्वास तिथेच ढासळला.

घटनेच्याही काही अटी आहेत. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीनुसार एखाद्या राज्याचे निर्वाचक (इलेक्टोरल मतं देणारे प्रतिनिधी) अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशा दोन्ही पदांसाठी आपल्याच राज्याच्या रहिवाशांना मत देऊ शकत नाहीत. म्हणूनच २००० मध्ये टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांचे जोडीदार असलेल्या, टेक्सासलाच राहणाऱ्या डिक चेनींनी घाईने आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. बुश जिंकले ते २७१ इलेक्टोरल मतं मिळवून आणि त्यातली ३२ टेक्सासची होती. त्याच दुरुस्तीनुसार उपाध्यक्षही अध्यक्षाप्रमाणे जन्माने अमेरिकी असावा लागतो. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि मिशिगनमधून अमेरिकी संसदेवर निवडून गेलेले श्री ठाणेदार यांच्यासाठी ते दार बंद आहे.

या अटीमागचं कारण उघड आहे: उपाध्यक्ष कधीही अध्यक्ष होऊ शकतो. आजवर ४५ जणांनी अध्यक्षपद भूषवलं. त्यांतले नऊ जण मुदतीच्या मध्येच, आधीचा अध्यक्ष गेल्यामुळे किंवा पायउतार झाल्यामुळे त्या खुर्चीवर बसले. पाचात एक. राज्य जिंकून देण्याच्या शक्यतेपेक्षा ही शक्यता कितीतरी ठोस आहे, आणि प्रचाराच्या खलबतांत ती सर्वांत मागे पडते. १८४० मध्ये व्हिग पक्षाने दक्षिणेची मतं मिळावीत म्हणून व्हर्जिनियाचे जॉन टायलर घेतले, पक्षाचं धोरण त्यांना कितपत मान्य आहे हे न पाहता. निवडणूक जिंकून शपथ घेतल्यावर महिन्याभरात अध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन वारले आणि टायलर अध्यक्ष झाले. टायलर यांनी पक्षाची विधेयकं एकामागून एक रोखली आणि पक्षाने आपल्याच अध्यक्षाची हकालपट्टी केली.

१९४४ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांची प्रकृती किती खालावली आहे, हे पक्षातल्या धुरीणांना दिसत होतं. आपण पुढचा अध्यक्ष निवडत आहोत हे ओळखून त्यांनी तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस यांना बाजूला सारलं आणि मिसुरीचे हॅरी ट्रुमन आणले. माणूस विचारपूर्वक निवडला गेला, पण नंतर त्याला कामात कुणी सामील करून घेतलं नाही. ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची सविस्तर माहिती ट्रुमन यांना मिळाली २५ एप्रिलला, आणि हिरोशिमा तेव्हा साडेतीन महिन्यांवर होतं.