तुमच्या नंबरवर दुसऱ्याचा पगार: टॅक्स आणि एनआयच्या नोंदींची सरमिसळ झाली तर

ब्रिटनमधल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात हा विषय, म्हणजे एकाच्या टॅक्स आणि एनआयच्या (नॅशनल इन्शुरन्स, पगारातून कापली जाणारी वर्गणी, जिच्यावर सरकारी पेन्शन ठरते) नोंदीत दुसऱ्याची नोकरी मिसळणं, बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. "पगार तोच, काम तेच, पण या महिन्यात हातात दोनशे पौंड कमी आले." पेस्लिप मागून घेतो. वरच्या कोपऱ्यात टॅक्स कोड असतो. जिथे गेल्या महिन्यापर्यंत १२५७एल लिहिलेलं होतं, तिथे आता बीआर दिसतं. म्हणजे वर्षाला १२,५७० पौंडांची जी करमुक्त मर्यादा आहे, ती या नोकरीवरून काढून घेतली आणि पहिल्या पौंडापासून २० टक्के कापायला सुरुवात झाली. महिना २,४०० पौंड पगार असेल तर एरवी कर साधारण २७० पौंड जातो, बीआरवर ४८० जातो. असा कोड दुसरी नोकरी असणाऱ्याला लागतो. समोरच्या माणसाला दुसरी नोकरी नसते. मग ती आली कुठून?

दर वेळी सरमिसळच असते असं नाही, हे आधी सांगून टाकतो. कंपनीने पेरोलचं सॉफ्टवेअर बदललं आणि तुमचा पेरोल आयडी नवा झाला, तर एचएमआरसीकडे (इथल्या कर खात्याकडे) तीच नोकरी दोनदा दिसू शकते. ऑनलाइन पर्सनल टॅक्स अकाउंट उघडून पाहा. दोन्ही ओळींत तुमच्याच कंपनीचं नाव असेल तर घाबरायचं कारण नाही. पेरोलवाल्यांना सांगा, एचएमआरसीला कळवा, विषय मिटतो. ज्या गावाचं तुम्ही कधी तोंड पाहिलं नाही तिथल्या गोदामाचं नाव दिसलं, तर मात्र हे पत्रक पुढे वाचा.

सातारकडच्या ताई आणि गोदाम

ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून एक प्रकरण सांगतो. या ताई केअर होममध्ये सीनियर केअरर. आडनाव महाराष्ट्रात गावोगाव सापडेल असं. पासपोर्टवर जन्मतारीख १ जून. त्यांच्या अकाउंटमध्ये अचानक एक गोदाम उगवलं. तिथे महिन्याला पगार जमा होत होता, त्यावर एनआयही कापला जात होता.

झालं होतं असं. तिकडे एक मुलगी नवीन लागली होती. नुकतीच आलेली, एनआय नंबर अजून मिळालेला नव्हता. त्यात बेकायदा काही नाही. काम करण्याचा हक्क असेल तर नंबर येण्याआधी कामाला लागता येतं. पेरोलमध्ये नंबराची जागा रिकामी ठेवून नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता पाठवायचा असतो. तिच्या मालकाने नावाच्या जागी फक्त आद्याक्षर पाठवलं आणि पत्ता अर्धवट. नंबर नसला की आलेल्या तपशिलावरून माणूस शोधला जातो. आद्याक्षर तेच, आडनाव तेच, जन्मतारीख १ जून. सापडल्या आमच्या ताई.

त्या मुलीने नोकरीला लागताना स्टार्टर चेकलिस्टवर 'ए' वर खूण केली होती, म्हणजे ६ एप्रिलनंतरची (करवर्ष तेव्हा सुरू होतं) ही पहिलीच नोकरी. तिच्या बाजूने ते खरंच होतं. पण त्यामुळे १२५७एल गोदामाच्या नोकरीला गेला आणि ताईंची सहा वर्षांची नोकरी 'दुसरी' ठरून बीआरवर आली.

१ जून हे आपलं दुखणं आहे

इथल्या कुठल्याही इंग्रज अकाउंटंटला हे सांगून पटत नाही. आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, नाव घालायला आलेल्या पोराची तारीख घरच्यांना धड आठवायची नाही, गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून पासपोर्टवर आणि पासपोर्टवरून इथल्या प्रत्येक कागदावर. त्यात पाटील, जाधव, शिंदे, पवार. एकाच आडनावाची आणि एकाच तारखेची माणसं आपल्यात जितकी सापडतील तितकी इथल्या जुन्या वस्तीत सापडणार नाहीत.

यावर काही जण उपाय म्हणून भलतंच करतात. एचआरला पत्रिकेतली 'खरी' तारीख देतात. कृपा करून असं करू नका. या देशात तुमची जन्मतारीख एकच, पासपोर्टवरची. वाढदिवस घरी हवा तेव्हा करा. पेस्लिपवरची तारीखही एकदा डोळ्यांखालून घाला, कारण महिना आधी लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १ जूनची ६ जानेवारी झालेली आम्ही पाहिली आहे.

नावाचंही तेच. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी आपली तीन पदरी रीत. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र 'गिव्हन नेम' मध्ये बसतात. मग एका नोकरीत तुम्ही सुनीता, दुसरीत सुनीता रमेश, तिसरीत नुसत्या एस. लग्नानंतर आडनाव बदललं, काही घरांत पहिलं नावही बदललं, आणि बँकेत जुनंच राहिलं. एचएमआरसीला नाव बदलल्याचं कळवणं ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम आहे. जुळ्या भावंडांच्या घरात आणखी सांभाळा. तारीख एक, पत्ता एक, आद्याक्षरही हौसेने एकच ठेवलेलं असतं.

नंबर तीन, कामं वेगळी

एनआय नंबर म्हणजे दोन अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी ए ते डी पैकी एक अक्षर. नमुन्यादाखल सरकारी कागदांवर क्यूक्यू १२ ३४ ५६ सी असा छापतात, तो कुणालाच दिलेला नसतो. हा नंबर आयुष्यभराचा. विद्यार्थी म्हणून २००८ साली आलात, परत गेलात आणि आता वर्क व्हिसावर आलात, तरी जुनाच चालतो. नवा मागितला तर एका माणसाच्या दोन नोंदी होण्याची वाट तुम्ही स्वतः मोकळी करता. जुना आठवत नसेल तर जुन्या पी-६० वर (मालकाने वर्षाअखेर दिलेल्या पगार-कराच्या दाखल्यावर) सापडेल, पूर्वीच्या बीआरपी कार्डाच्या (निवास परवान्याच्या) मागे छापलेला असू शकतो.

यूटीआर हा दहा आकडी नंबर सेल्फ असेसमेंटचा, म्हणजे स्वतः रिटर्न भरणाऱ्यांचा. घाईत दोनदा रजिस्टर करून दोन यूटीआर घेतलेले लोक आहेत. दोन्हींवर रिटर्न भरू नका आणि एकाकडे नुसतं दुर्लक्षही करू नका. त्यावर रिटर्न अपेक्षित धरलं गेलं असेल तर ३१ जानेवारी उलटताच १०० पौंडांचा दंड लागतो. जादाचा बंद करून घ्यावा लागतो. तिसरा नंबर तुमच्या कंपनीचा पेये रेफरन्स (पेये म्हणजे मालकाने पगारातूनच कर कापून भरण्याची पद्धत). नोकरी नेमकी कुणाची हे त्यावरून कळतं, म्हणून पेस्लिपवर तो कुठे आहे ते बघून ठेवा.

पूर्वी कराची नोंद मालकाच्या टॅक्स ऑफिसप्रमाणे वेगवेगळी असायची. २००९ मध्ये पेये आणि एनआय एका संगणक व्यवस्थेत आले आणि एका माणसाच्या सगळ्या नोकऱ्या एका ठिकाणी दिसू लागल्या. पुढच्याच वर्षी सुमारे ६० लाख लोकांचा कर कमी किंवा जास्त कापला गेल्याचं जाहीर झालं, कारण जुन्या विसंगती एकदम उजेडात आल्या. २०१३ पासून मालक प्रत्येक पगाराची माहिती पगार देतानाच पाठवतो. त्यामुळे चूक लवकर दिसते, आणि लवकर पसरतेही.

जास्तीची वर्षं दिसली म्हणून खूश होऊ नका

कमी पगार हातात आला की माणूस धावत येतो. पण कुणीतरी दुसरं तुमच्या नंबरावर एनआय भरतंय आणि तुमची पेन्शनची वर्षं वाढताहेत, हे कळलं की काही जण हळूच विचारतात, "राहू दे ना, आपलं काय जातंय?"

जातं. नोंद वेगळी होईल त्या दिवशी ती वर्षं तुमच्या खात्यातून जातील, आणि तोवर तुम्ही तिच्या भरवशावर खरी पोकळी भरून काढलेली नसेल. मागची वर्षं पैसे भरून घेण्याची मुभा साधारणपणे सहा वर्षांचीच असते. नव्या स्टेट पेन्शनसाठी किमान १० वर्षं लागतात, आणि २०१६ नंतरच नोंद सुरू झालेल्यांना पूर्ण पेन्शनला ३५. २०२५-२६ च्या दराने पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड, म्हणजे एका वर्षाची किंमत आठवड्याला साडेसहा पौंडांच्या वर, वर्षाला सुमारे ३४२ पौंड. तीही मरेपर्यंत दर वर्षी. आणि ती वर्षं कुणाची तरी आहेत. गोदामातल्या त्या मुलीच्या खात्यात तेवढाच खड्डा पडलेला असतो. (पुण्याला परतायचा बेत असणाऱ्यांना जाता जाता: पेन्शन भारतात मिळते, पण तिथे राहणाऱ्यांची ती दरवर्षी वाढत नाही.)

व्हिसावर असाल तर आणखी एक. गृहखातं अर्जातलं उत्पन्न कराच्या नोंदींशी ताडून पाहतं. दोन आकड्यांत फरक निघाल्यामुळे कितीतरी कुशल कामगारांचे अर्ज फेटाळले गेले होते आणि २०१९ मध्ये ते प्रकरण अपील कोर्टापर्यंत गेलं. तुमच्या नोंदीत अनोळखी नोकरी किंवा न घेतलेल्या बेनिफिटची (सरकारी मदतीची) खूण दिसत असेल, तर कायम वास्तव्याचा अर्ज टाकण्याआधी ते निस्तरा आणि तुमच्या इमिग्रेशन वकिलाच्याही कानावर घाला.

वेगळं करायचं कसं

अडचण ही की संगणकाला तुम्ही दोघं एकच माणूस दिसता. 'ती मी नव्हे' हे तोंडी सांगून भागत नाही. कुठली नोकरी तुमची, हे तुम्हालाच मांडावं लागतं.

एका कागदावर इथे आल्यापासूनच्या सगळ्या नोकऱ्या लिहा. मालकाचं नाव, गाव, कधीपासून कधीपर्यंत, पेये रेफरन्स. मधल्या रिकाम्या जागाही लिहा: बाळंतपण, सहा महिने भारतात, शिक्षण. ताईंच्या वेळी याच रिकाम्या जागेने काम केलं. गोदामाचा एक पगार ज्या आठवड्याचा होता, त्या आठवड्यात ताई भारतात आपल्या गावी होत्या आणि पासपोर्टवर मुंबईचे शिक्के होते.

मग पर्सनल टॅक्स अकाउंटमधून पाच वर्षांच्या नोकऱ्यांची यादी आणि एनआयची वर्षवार नोंद काढा आणि आपल्या कागदाशेजारी ठेवा. जी ओळ आपली नाही तिच्यावर पेन्सिलने खूण. पडद्याचे फोटो काढून ठेवा, कारण दुरुस्ती सुरू झाली की ओळी हलतात.

फोन दोन आहेत. कर आणि कोडसाठी ०३०० २०० ३३००, एनआयच्या नोंदीसाठी ०३०० २०० ३५००. नोंद सरमिसळ झाली असेल तर दोन्हीकडे कळवा, एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल असं धरून चालू नका. फोनवर 'माझा टॅक्स कोड चुकलाय' एवढंच म्हणालात तर कोड दुरुस्त होईल आणि पुढच्या पगाराला पुन्हा बिघडेल. 'माझ्या नोंदीत दुसऱ्या व्यक्तीची नोकरी मिसळली आहे' हे शब्द वापरा. तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत टिपा. नंतर तेच सगळं पत्राने पाठवा, यादी जोडून.

दुसरी व्यक्ती कोण हे तुम्हाला सांगणार नाहीत, आणि विचारूही नका. तिचं पत्र तुमच्या पत्त्यावर आलं तर न फोडता परत पाठवा. फेसबुकवर शोधून तिला मेसेज करणारा एक उत्साही क्लायंट आम्हाला भेटला आहे. फायदा काही झाला नाही, ती बिचारी मात्र घाबरली.

चूक तुमच्याच मालकाची असेल, आकडे उलटसुलट टाकले असतील, तर पेरोलला लेखी कळवा. पुढच्या पगाराच्या माहितीत बरोबर नंबर घालणं त्यांच्या हातात असतं.

वेळ महिन्यांत मोजायची तयारी ठेवा. कोड आधी सुधारतो आणि बहुतेक वेळा जास्त कापलेला चालू वर्षाचा कर पगारातूनच परत येतो. मागच्या वर्षांचा परतावा ते करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागता येतो. एनआयची नोंद सगळ्यात शेवटी जागेवर येते, म्हणून पगार पूर्ववत झाला की फाइल बंद करू नका.

उलट तुमच्याकडेच पैसे मागणारं पी-८०० (एचएमआरसीचं वर्षाच्या कराच्या हिशेबाचं पत्र) आलं, तर घाईने भरू नका आणि पत्र फेकूनही देऊ नका. तो आकडा कुठल्या नोकरीचा आहे ते लेखी विचारा. तुम्ही माहिती वेळेत दिली होती आणि तरी मागणी खूप उशिरा आली, तर ईएससी ए-१९ नावाची, थकलेला कर माफ करणारी एक सवलत आहे, तिच्या अटी आम्ही तपासून देतो. चुकीची वैयक्तिक माहिती दुरुस्त करून मागण्याचा डेटा संरक्षण कायद्याखालीही हक्क आहे आणि त्याला एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. अडलं तर एचएमआरसीकडे तक्रार, मग ॲडज्युडिकेटर (अशा तक्रारी तटस्थपणे पाहणारा), मग खासदारामार्फत ऑम्बुड्समन (सरकारी खात्यांविरुद्धच्या तक्रारी पाहणारा) अशी पायरी आहे. आमच्याकडची बहुतेक प्रकरणं पहिल्या पायरीआधीच सुटतात, कागद असतील तर.

आमच्याकडे येताना

तुम्ही ६४-८ या फॉर्मवर सही केलीत की तुमच्या वतीने आम्ही बोलू शकतो. पहिली अर्ध्या तासाची भेट बिनपैशाची. नुसता कोड चुकला असेल तर तिथेच सांगू आणि घरी पाठवू. सरमिसळ असेल तर फी आधी सांगतो. मिळणाऱ्या परताव्यातून टक्केवारी घेत नाही, आणि तशी घेणाऱ्यांपासून सावध राहा.

एनआय नंबर, पासपोर्ट आणि पेस्लिपचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, मंडळाच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. सोबत आणा: पासपोर्ट, जुनासुद्धा, मिळतील तितके पी-६० आणि पी-४५ (नोकरी सोडताना मिळालेले दाखले), गेल्या तीन महिन्यांच्या पेस्लिपा, टॅक्स कोडची आलेली पत्रं, पाकिटांसकट. नाव बदललं असेल तर लग्नाचा दाखला. आणि कागदावर १ जून असेल तर येण्याआधी फोनवरच सांगा, त्या फाइलला आम्ही थोडा जास्त वेळ राखून ठेवतो.