इन्सब्रुक: पर्यटन आणि करमणूक

इन्सब्रुक ही ऑस्ट्रियातल्या टिरोल राज्याची राजधानी. इन नदीच्या खोऱ्यात समुद्रसपाटीपासून ५७४ मीटरवर वसलेलं शहर, लोकसंख्या सव्वा लाखाच्या थोडी वर. उत्तरेला नॉर्डकेटे नावाची डोंगररांग शहराला इतकी खेटून उभी आहे की बाजारातून चालताना मान वर केली की थेट दोन हजार मीटरच्या वरचे कडे दिसतात, दक्षिणेला पात्शरकोफेल, आणि तासाभराच्या आत पोचता येतील अशी डझनभर स्की रिसॉर्ट्स आजूबाजूला. १९६४ आणि १९७६ अशी दोनदा हिवाळी ऑलिम्पिक इथे झाली, २०१२ ला पहिली हिवाळी युवा ऑलिम्पिकही इथेच, म्हणून नाव झालं ते स्कीमुळे. पण आयुष्यात कधी स्की पायात न घातलेल्या माणसालाही इथे दोन-तीन दिवस कमी पडतात.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप टूरमध्ये इन्सब्रुक बहुतेक वेळा स्वित्झर्लंड आणि इटलीच्या मधला थांबा असतो. बस आधी जवळच्या वाटेन्स गावी स्वारोव्स्कीचं क्रिस्टल बघायला नेते, मग शहरात येऊन सोनेरी छपरासमोर ग्रुप फोटो, थोडं शॉपिंग, की परत बसमध्ये. वाईट काही नाही त्यात, पण शहराची खरी मजा वर डोंगरात आहे आणि ती राहूनच जाते, तेही भर गावातून वीस-पंचवीस मिनिटांत वर जाता येत असताना.

नॉर्डकेटे आणि वर जायची सोय

जुन्या शहराच्या कडेला काँग्रेस नावाचं छोटं भुयारी स्टेशन आहे, तिथून हंगरबुर्गबान ही दोराने ओढली जाणारी रेल्वे सुटते. नवी लाइन डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली, स्टेशनं प्रसिद्ध आर्किटेक्ट झाहा हदीद यांनी डिझाइन केलेली, वरची छपरं वितळत्या बर्फासारखी वळणावळणाची पांढरट काचेची. गाडी आधी जमिनीखालून जाते, मग पुलावरून इन नदी ओलांडते आणि तिथून एकदम चढाला लागते, पण प्रत्येक डबा चढाप्रमाणे आपोआप स्वतःला सपाट करून घेतो त्यामुळे आत उभ्या माणसाला आपण किती तिरके चढतोय ते बाहेरची घरं तिरकी दिसायला लागली की मगच कळतं.

हंगरबुर्गला उतरून केबल कार घ्यायची. पहिला टप्पा झेग्रूबे, १९०५ मीटर, दुसरा हाफेलेकार, २२५६ मीटर. ही केबल कार मुळात १९२७-२८ मध्ये बांधली गेली, तेव्हाच्या स्टेशनांचं डिझाइन फ्रान्झ बाउमान या टिरोलच्याच आर्किटेक्टचं, आणि डोंगराच्या उताराला धरून बसवलेल्या त्या इमारती आजही वापरात आहेत. हाफेलेकारच्या स्टेशनवरून शिखर म्हणजे दहा-पंधरा मिनिटांची चढण, उंची २३३४ मीटर. एका बाजूला खाली अख्खं शहर, विमानतळाची धावपट्टीसुद्धा, आणि पाठ फिरवली की दुसऱ्या बाजूला कार्वेंडेलचे ओसाड राखाडी डोंगर, घर नाही की रस्ता नाही. वैश्विक किरणांचा शोध लावल्याबद्दल १९३६ चं नोबेल मिळालेले व्हिक्टर हेस इन्सब्रुकला प्रोफेसर होते, त्यांनी १९३१ मध्ये या हाफेलेकारवरच किरण मोजायचं केंद्र उभं केलं होतं.

हिवाळ्यात इथून खाली येणारी हाफेलेकार-रिने ही घळ युरोपातल्या सगळ्यात तीव्र उताराच्या स्की मार्गांपैकी एक धरतात, उतार जवळजवळ ७० टक्के, नवशिक्यांनी नुसतं वरून वाकून बघावं. झेग्रूबेला स्नोबोर्डवाल्यांसाठी पार्क आहे, बर्फाचा इग्लू बांधून त्यात बार चालवतात, आणि ज्यांना काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी आरामखुर्च्या असतात, तिथले लोक ऑफिसमधून निघून दुपारी दोन तास ऊन खायला येतात. आणखी एक गोष्ट म्हणजे फ्योन, दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा गरम कोरडा वारा. तो सुटला की हिवाळ्यातही तापमान भराभर वाढतं, आकाश लख्ख होतं, निम्मं गाव डोकं दुखतं म्हणून तक्रार करतं आणि वर केबल कार बंद ठेवावी लागते. म्हणून तिकीट काढायच्या आधी वरचा वारा काय म्हणतोय ते बघून घ्यायचं, खाली हवा छान आहे यावर जायचं नाही.

हंगरबुर्गबानच्याच मधल्या स्टेशनवर आल्पेनझू आहे, १९६२ मध्ये सुरू झालेलं, साधारण ७५० मीटर उंचीवर. इथे वाघ-सिंह-हत्ती काही नाही, फक्त आल्प्समध्ये राहणारे किंवा पूर्वी राहिलेले प्राणी, म्हणजे अस्वल, लांडगा, लिंक्स हे मोठं रानमांजर, पाणमांजर आणि कड्यावर उभा राहून शांतपणे रवंथ करणारा आयबेक्स हा रानबोकड. लहान मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस इथेच जातो. दाढीवाल्या गिधाडाची आल्प्समधून शिकारीपायी पूर्ण हकालपट्टी झाली होती, त्याची पिलं पिंजऱ्यात वाढवून परत डोंगरात सोडायच्या कामात या झूचा मोठा वाटा आहे.

ऑलिम्पिकच्या खुणा

१९६४ च्या ऑलिम्पिकला नेमका बर्फच पडला नाही. मग ऑस्ट्रियाच्या सैन्याने डोंगरावरून बर्फाच्या २०,००० लाद्या कापून बॉबस्ले या बर्फावरच्या घसरगाडीच्या ट्रॅकसाठी खाली आणल्या आणि ४०,००० घनमीटर बर्फ स्कीच्या उतारांवर नेऊन पसरला. याच स्पर्धेत भारत पहिल्यांदा हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरला. खेळाडू एकच, पोलिश वंशाचे जेरेमी बुजाकोव्स्की, पात्शरकोफेलवरच्या डाउनहिल शर्यतीत, ती काही पूर्ण झाली नाही पण नोंद राहिली. १९७६ ची स्पर्धा खरं तर अमेरिकेतल्या डेन्व्हरला मिळाली होती, तिथल्या लोकांनी मतदान करून आम्हाला खर्च नको म्हणून सांगितलं आणि ऐनवेळी सगळी सोय आधीच तयार असलेल्या इन्सब्रुकला ती दिली गेली. त्या वेळी याच पात्शरकोफेलवर ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ क्लामरने डाउनहिलचं सुवर्ण जिंकलं, पिवळ्या सूटमध्ये, पडता पडता सावरत, ते अजून तिथे सांगितलं जातं. गंमत म्हणजे २०२६ साठी परत बोली लावायची का असं २०१७ मध्ये टिरोलच्या लोकांना विचारलं तर त्यांनीही नको म्हटलं.

शहराच्या दक्षिणेला बेर्गिझेल टेकडीवर स्की जंपिंगचा उतार आहे. सध्याचा टॉवर पुन्हा झाहा हदीद यांचाच, २००२ मध्ये पूर्ण झालेला, साधारण ५० मीटर उंच, वर कॅफे आणि गॅलरी. गॅलरीत उभं राहून खेळाडूंचा उतार बघायचा आणि त्याच रेषेत नजर पुढे न्यायची, तर समोर विल्टनची दफनभूमी येते. म्हणजे उडी मारणाऱ्याला सुटायच्या आधी समोर काय दिसत असेल ते आपलं आपण समजून घ्यावं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथे फोर हिल्स स्पर्धेचा टप्पा असतो तेव्हा हजारोंची गर्दी, बाकी वर्षभर निवांत. उन्हाळ्यात उतारावर प्लास्टिकचं आच्छादन टाकून त्यावर पाणी मारतात आणि खेळाडूंचा सराव चालू राहतो, नशीब असेल तर भर जुलैत कॉफी पिता पिता डोक्यावरून माणूस उडताना दिसतो.

त्याच टेकडीवर टिरोल पॅनोरामा म्युझियम आहे, २०११ चं. आत गोलाकार भिंतभर एकच चित्र, १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं. विषय १८०९ ची बेर्गिझेलची लढाई, ज्यात आंद्रेआस होफर या खानावळवाल्याच्या नेतृत्वाखाली टिरोलच्या शेतकऱ्यांनी नेपोलियनच्या बाजूच्या फ्रेंच आणि बव्हेरियन सैन्याला हरवलं होतं. होफरला पुढच्याच वर्षी गोळ्या घातल्या, पण इथे त्याचं स्थान अजून फार वरचं आहे.

इगल्स गावात १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेला बॉबस्लेचा बर्फाचा ट्रॅक आहे आणि पैसे भरून पर्यटकालाही त्यात बसता येतं, पुढे अनुभवी चालक, मागे तुम्ही. जेमतेम मिनिटभराचा खेळ, पण वळणांवर मान आणि पाठ दोन्ही अशा दाबल्या जातात की पाठीचं दुखणं असणाऱ्याने मोह टाळलेला बरा.

जुनं शहर

सोनेरी छप्पर, म्हणजे गोल्डेनेस डाखल, हे बादशहा पहिल्या माक्सिमिलियनच्या काळात १५०० च्या सुमारास पूर्ण झालं. अख्ख्या इमारतीचं छप्पर सोन्याचं असेल अशी अपेक्षा ठेवून जाणाऱ्यांची निराशा होते कारण ती एक सज्जावजा गॅलरी आहे, तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची २,६५७ कौलं. खालच्या चौकातल्या कवायती नि खेळ बघायला राजाला बसायची ही जागा. फोटो सगळेच छपराचे काढतात, पण सज्जावरच्या कोरीव पॅनेलमध्ये अंग पिळवटून नाचणारे नर्तक आहेत आणि माक्सिमिलियन त्याच्या दोन्ही बायकांसकट आहे, पहिली मेरी तेव्हा कधीच वारलेली होती तरी.

तिथून पाच मिनिटांवर होफकिर्शे हे चर्च. माक्सिमिलियनसाठी बांधलेलं भव्य स्मारक, मध्ये संगमरवरी थडगं आणि दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीपेक्षा मोठे काळसर ब्राँझचे २८ पुतळे, गाववाले त्यांना 'काळी माणसं' म्हणतात. त्यात बादशहाचे पूर्वज आहेत, नातेवाईक आहेत आणि आमच्याच कुळातला म्हणून घुसवलेला इंग्लंडचा राजा आर्थरही आहे. थडगं मात्र रिकामं, राजा पुरलाय तो पार पूर्वेकडे वीनर नॉयश्टाटला. वर सांगितलेला होफर मात्र याच चर्चमध्ये खरोखर आहे.

मारिया तेरेझिया रस्त्याच्या दक्षिण टोकाला १७६५ ची विजय कमान आहे. तेव्हाची ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेझिया, तिचा मुलगा लिओपोल्ड याचं स्पेनच्या राजकन्येशी लग्न होतं, कमान त्यासाठीच, आणि लग्नाच्या धामधुमीतच नवऱ्या मुलाचे वडील, बादशहा फ्रान्झ, अचानक गेले. मग काय, कमानीच्या दक्षिण बाजूला लग्नाचा आनंद कोरला आणि उत्तर बाजूला सुतक. दोन्ही बाजू बघाव्यात, बरेच लोक एकाच बाजूने जाऊन येतात. होफबुर्ग राजवाडा वेळ असेल तर.

आम्ब्रास किल्ला शहराबाहेर टेकडीवर आहे आणि माझ्या मते सगळ्या म्युझियमांत हेच पहिलं बघावं. सोळाव्या शतकात आर्चड्यूक दुसऱ्या फर्डिनांडने इथे जगभरच्या अजब वस्तू जमवल्या. सर्वांगावर केस असलेल्या पेत्रुस गोन्साल्वुसचं आणि त्याच्या मुलांचं चित्र आहे, डोक्यातून आरपार भाला गेलेल्या सरदाराचं चित्र आहे, आणि एक लोखंडी खुर्ची आहे, तिच्यात पाहुणा बसला की तो अडकायचा आणि भलामोठा पेला रिकामा केल्याशिवाय सुटका नाही. नोव्हेंबरमध्ये किल्ला बंद असतो.

वाटेन्सचं क्रिस्टल

इन्सब्रुकच्या पूर्वेला पंधरा-वीस किलोमीटरवर वाटेन्सला स्वारोव्स्कीचा कारखाना आहे, कंपनी १८९५ ची, आणि शंभर वर्षं झाली म्हणून १९९५ मध्ये त्यांनी क्रिस्टल वर्ल्ड्स सुरू केलं. गवताने झाकलेलं राक्षसाचं डोकं, तोंडातून धबधबा पडतोय, आणि आत जमिनीखाली वेगवेगळ्या कलाकारांनी सजवलेल्या खोल्या, मूळ कल्पना आंद्रे हेलर यांची. बाहेर बागेत तारेच्या जाळीवर हाताने बसवलेल्या आठ लाख क्रिस्टल्सचा ढग आहे, तो मात्र ढगाळ दिवशी फिका वाटतो. खोल्या संपल्या की पोचता ते दुकानात, आणि टूरचा बराचसा वेळ तिथेच जातो हे ज्यांनी आपल्या घरच्यांची वाट बघितलीय त्यांना माहिती असेल.

स्की, सण आणि संध्याकाळ

स्कीसाठी यायचं तर पर्याय उंचीप्रमाणे निवडतात. श्टुबाई ग्लेशियरवर ऑक्टोबरपासून उन्हाळा लागेपर्यंत बर्फ असतो आणि स्की न करणाऱ्यांसाठी ३,२१० मीटरवर 'टॉप ऑफ टिरोल' नावाचा देखावा बघायचा लोखंडी सज्जा आहे, केबल कार आणि थोडं चालणं. क्यूताय हे गावच २,००० मीटरवर, आक्सामर लिझुमला दोन्ही ऑलिम्पिकच्या शर्यती झालेल्या, शिकाऊ लोकांना मुटरर आल्म सोपं. गावातून स्की बस जातात, म्हणून बसमध्ये एका सीटवर स्कीचे बूट घातलेला माणूस आणि शेजारी लॅपटॉपवाला हे दृश्य रोजचं.

डिसेंबरमध्ये सोनेरी छपराखाली ख्रिसमस बाजार भरतो, संध्याकाळी वरच्या सज्जातून तुताऱ्या वाजवतात. तिथे कीआखल खायचं, मधे खोलगट नि कडेने फुगलेली गरम पुरीच ती, वर आंबट कोबी किंवा लाल बेरीचा जॅम. शाकाहारी लोकांनी केझश्पेत्स्ले मागवावं, चीज आणि तळलेला कांदा घातलेले पिठाचे तुकडे, पोटभरीचं. क्न्योडल म्हणजे सुपात घालून देतात ते पावाचे गोळे, ते चीजचे असले तरी सूप बहुतेक वेळा मांसाचं असतं, म्हणून विचारून घ्यावं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिंगवाल्या लाकडी मुखवट्यांचे क्राम्पुस घंटा वाजवत गावात फिरतात, लहान पोरं घाबरतात, घाबरावं म्हणूनच असतं ते.

ऑगस्टच्या सुमारास जुन्या संगीताचा महोत्सव असतो, १९७६ पासून, त्यात शेकडो वर्षं न ऐकलेले ऑपेरा त्या काळच्या वाद्यांवर वाजवतात. टूरवाले 'टिरोलियन ईव्हनिंग' दाखवतात, मांड्या-बुटांवर थापा मारत नाच, योडलिंग, गाईच्या घंटांवर गाणी, थोडं साच्यातलं वाटतं पण मंडळी खरंच चांगली वाजवतात. विद्यापीठ १६६९ चं आहे आणि विद्यार्थी भरपूर, त्यामुळे रात्रीची खरी गर्दी रेल्वे पुलाच्या कमानींखालच्या बारमध्ये असते.

म्युनिकहून रेल्वेने दोन तासांच्या आत पोचता येतं. २४, ४८ किंवा ७२ तासांचं इन्सब्रुक कार्ड मिळतं, त्यात म्युझियम, शहरातली बस-ट्राम, डोंगरावर एकदा जाऊन येणं आणि वाटेन्स सगळं येतं, पण हिशोब तेव्हाच जमतो जेव्हा पहिल्याच दिवशी सकाळी हवा बघून आधी नॉर्डकेटे उरकता आणि म्युझियमं ढगाळ वेळेसाठी ठेवता.