बोर्ड (बेळगाव सीमाभागातील वापर)

बोर्ड हा मूळचा इंग्रजी शब्द बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील सीमाभागाच्या मराठीत पुरता मुरलेला आहे. तो पुल्लिंगी असून अनेकवचनातही बोर्डच राहतो. विभक्ती लागली की बोर्डाचा, बोर्डावर, बोर्डात अशी रूपे होतात. दुकानाची पाटी, वर्गातला फळा, बसवरचे गावाचे नाव, दहावीची परीक्षा आणि कॅम्पातला (लष्करी छावणीतला) कारभार, सगळ्यांना हा एकच शब्द चालतो. नेमका अर्थ क्रियापदावरून कळतो. दुकानाचा बोर्ड लागतो किंवा रंगवून घेतात, परीक्षेच्या बोर्डाला पोरे बसतात, आणि ‘बोर्डात आली’ म्हटले की मुलगी गुणवत्ता यादीत झळकली असे समजावे.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ लाकडाची फळी. फळीवरून मेज, मेजावरून त्यावरचे जेवण, आणि मेजाभोवती बसून निर्णय घेणारी माणसे असा अर्थ पुढे सरकत गेला. जेवणाचा अर्थ मराठीत ‘बोर्डिंग’ या शब्दात शिल्लक आहे. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात बोर्डिंग म्हणजे विद्यार्थ्यांचे वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्यानंतर इतर समाजांचीही बोर्डिंगे उभी राहिली. खेड्यातल्या गरीब पोराला शिक्षणाची वाट मोकळी करून देणारा हा शब्द आहे. जुनी माणसे तो आजही आदराने उच्चारतात.

मंडळ या अर्थाचा बोर्ड सरकारी कारभारातून आला. मुंबई इलाख्याच्या काळात जिल्ह्याचे रस्ते आणि शाळा लोकल बोर्डाकडे असत. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. बेळगावचा कॅम्प आजही कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे एखादा रस्ता उखडला की तो बोर्डाचा की महापालिकेचा हा प्रश्न आधी निघतो. परीक्षेचा बोर्ड मात्र घराघरात पोचलेला आहे. येथील मराठी माध्यमाची मुले दहावीला कर्नाटकच्या बोर्डाची, म्हणजे एसएसएलसीची परीक्षा देतात. प्रथम भाषेचे 125 आणि उरलेल्या पाच विषयांचे प्रत्येकी 100 असे एकूण 625 गुण ही तिची अनेक वर्षांची ओळख. सीमेपलीकडच्या नातेवाइकांना हा हिशेब दरवेळी समजावून सांगावा लागतो. ‘यंदा बोर्डाला आहे’ एवढे सांगितले की त्या घरी लग्नाचे आमंत्रण असले तरी आईवडील येणार नाहीत, हे पाहुण्यांनी धरून चालावे.

मराठीत ‘मंडळ’ आहे, कन्नडमध्ये ‘मंडळी’. मराठीत मंडळी म्हणजे माणसे, म्हणून परीक्षा मंडळी हे कन्नड नाव पहिल्यांदा ऐकणारा थबकतो. फलक हा संस्कृत शब्दही दोन्ही भाषांत आहे, कन्नडमध्ये ‘नामफलक’ सर्रास लिहितात. तरी मराठी दुकानदार आणि कन्नड पेंटर यांचे बोलणे होते ते बोर्डावरच. वस्तूच्या नावावरून इथे कधी वाद झालेला नाही. वाद आहे तो त्यावर काय लिहायचे याचा.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून बोर्डावरची लिपी हा येथील मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. बेळगाव तालुक्यातील येळ्ळूर गावाच्या वेशीवर ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ असा बोर्ड होता. जुलै 2014 मध्ये प्रशासनाने तो हटवला. गावकऱ्यांनी पुन्हा उभा केला, तो पुन्हा पाडला गेला आणि पोलिसांच्या लाठ्या थेट घरात शिरल्या. त्या गावात ‘बोर्ड’ म्हटले की आजही आधी तोच आठवतो. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. सरकारी बोर्ड बदलले. मराठी घरांत बोलताना गाव बेळगावच राहिले.

दुकानांच्या बोर्डांवर 60 टक्के भाग कन्नडचा असावा आणि तो वरच्या अर्ध्यात यावा, अशी तरतूद कर्नाटकाने 2024 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून केली. गणपत गल्ली, खडेबाजार या बाजारपेठेत याचा अर्थ साधा आहे: कन्नड मोठ्या अक्षरात वर आणि मराठीला उरलेली जागा, तीही इंग्रजीबरोबर वाटून. ज्या दुकानाचे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक मराठी वाचणारे आहे त्याच्यावर ही सक्ती करणे अन्यायाचे आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे स्पष्ट मत आहे. राज्यभाषेला मान देण्यास येथे कोणाचीही ना नाही.

बसच्या बोर्डाची अडचण रोजची आहे. कर्नाटक परिवहनच्या खेड्यापाड्यांत जाणाऱ्या गाड्यांवर गावाचे नाव बहुधा फक्त कन्नडमध्ये असते. शाळेत कन्नड शिकलेली पोरे ते वाचतात. माहेरहून नवी आलेली सून किंवा म्हातारी माणसे अक्षराच्या आकारावरून अंदाज बांधतात, नाहीतर शेजाऱ्याला विचारतात. ‘बोर्ड कन्नडात आहे खरं गाडी खानापूरचीच की,’ असे उत्तर मिळते. यातला ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हा या भागाच्या बोलीचा खास वापर. कोल्हापूरहून आलेल्या एसटीवर देवनागरी दिसते. रेल्वे स्थानकाच्या बोर्डावरही देवनागरी असते, पण ती हिंदीसाठी.

एखाद्या भागात 15 टक्के किंवा त्याहून अधिक लोक अल्पसंख्याक भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत, असे केंद्राने 1956 मध्येच मान्य केलेल्या भाषिक संरक्षणांत म्हटले आहे. सरकारी कार्यालये, दवाखाने आणि ग्रामपंचायतींवर मराठी बोर्ड हवा, ही सीमाभागाची मागणी याच आधारावर उभी आहे.