ट्रेनरच्या वॉटमधला पासंग

सायकल जागेवर बसवून घरातच चालवता यावी यासाठीचं यंत्र म्हणजे ट्रेनर. त्याच्या खोक्यावर ‘अचूकता ±1 टक्का’ असं छापलेलं असतं. पडद्यावर 200 वॉट दिसले तर खरे 198 ते 202, असा त्याचा सरळ अर्थ. त्याच सायकलला पॅडलचा पॉवर मीटर (पायांची शक्ती मोजणारं उपकरण) लावा, तो 206 दाखवेल. मग खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. पॅडलवर दिलेली शक्ती चेन आणि गिअरमधून ट्रेनरपर्यंत पोचेस्तोवर साधारण 2 ते 4 टक्के घर्षणात जाते. चेन कोरडी, काळीकुट्ट असेल तर आणखी. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले, तर मला उलट शंका येते.

खरी गोम शून्यात आहे. शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवणारा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. वेग मोजणं सोपं. टॉर्कसाठी बहुतेक पॉवर मीटरांत आणि काही ट्रेनरांतही धातूवर स्ट्रेन गेज चिकटवलेलं असतं. धातू डोळ्यांना दिसणार नाही इतका ताणला गेला, की गेजचा विद्युतरोध बदलतो. पण खोली तापली तरी तो बदलतो! वाण्याच्या तराजूत पासंग असावा, तसा भार नसतानाही आकडा सरकतो. क्रँकवरच्या, म्हणजे पॅडलच्या दांडीवरच्या मीटरचं उदाहरण घ्या: 90 आरपीएमला (मिनिटाला 90 फेरे) 200 वॉट म्हणजे सुमारे 21 न्यूटन-मीटर. शून्य 1 न्यूटन-मीटरनं हललं, की 9.4 वॉटची चूक. 300 वॉटला ही 3 टक्के, पण 100 वॉटवर निवांत पाय फिरवताना 9 टक्क्यांहून जास्त. म्हणून स्वार होण्याआधी, पाय खाली असताना शून्य लावून घ्यायचं.

टायर रोलरवर टेकवून चालवायचे स्वस्त ट्रेनर बहुधा टॉर्क मोजतच नाहीत. रोलरचा वेग आणि ब्रेकचा जोर यांवरून अंदाज बांधतात. टायरमधली हवा, रोलरचा दाब, तापलेलं रबर, सगळं त्यात ढवळाढवळ करतं. त्यावर उपाय स्पिनडाउनचा: दहाएक मिनिटं चालवून वेग वाढवायचा, पाय थांबवायचे आणि चाक मंदावायला किती वेळ लागतो त्यावरून यंत्राला घर्षण काढू द्यायचं. गार ट्रेनरवर केलेला स्पिनडाउन जवळजवळ वाया.

अर्ग मोडमध्ये, म्हणजे ठरवलेले वॉट ट्रेनर स्वतःच राखतो तेव्हा, पडद्यावर सरळसोट रेघ दिसते, तिलाही भुलू नका. माणसाचे पाय इतके एकसारखे चालत नाहीत. काही ट्रेनर आकडे गुळगुळीत करून दाखवतात. ती सोय बंद केली की रेघ नाचू लागते.

स्वतःच्या सरावाला यातलं बरंचसं चालून जातं, ट्रेनर तोच असला म्हणजे झालं. झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या अ‍ॅपवरच्या अव्वल शर्यतींत मात्र दुसऱ्या पॉवर मीटरची नोंदही मागतात. हौशी शर्यतींत तेवढी कडक तपासणी नसते आणि वजन तर स्वार स्वतःच भरतो. 70 किलोच्या गड्यानं 68 लिहिलं, की चढावर त्याला जवळपास 3 टक्क्यांचा फायदा, ट्रेनर कितीही अचूक असो.